ब्रेक पॅड इतक्या लवकर कसे संपले? कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

चिपळूणजवळ महामार्गाला लागून आमचं दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. ब्रेकसाठी येणाऱ्या बऱ्याच गाड्या दुसऱ्यांदा पॅड बदलायला आलेल्या असतात, आणि आधीचे पॅड टाकून वर्षही झालेलं नसतं. मालक म्हणतो, पॅड डुप्लिकेट निघाले. आधीचा मेस्त्री म्हणतो, तुम्ही घाटात ब्रेक फार मारता. चाक खोललं की बहुतेक वेळा तिसरंच काहीतरी दिसतं. तीच उत्तरं रोज तोंडाने देण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवतो.

पॅड साधारण किती किलोमीटर चालायला हवेत?

लहान पेट्रोल गाडीचे पुढचे पॅड सपाटीच्या रस्त्यावर ३० ते ५० हजार किलोमीटर जातात. आठवड्यातून चार वेळा कुंभार्ली किंवा आंबा घाट करणाऱ्याचे २० ते २५ हजारांत आटोपले तर मी त्याला काही म्हणणार नाही. ऑटोमॅटिक गाडीला इंजिनचा ब्रेक कमी मिळतो, तिचे थोडे आधी जातात. मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमच्या आत घासणारा थर) पुढच्या पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात, कारण गाडी थांबवायचं जास्त काम पुढची चाकंच करतात.

पण आठ-दहा हजारांत पॅड झिजून मागच्या लोखंडी पत्र्याला टेकला तर दाल में काला आहे.

किलोमीटर मोजण्यापेक्षा मिलिमीटर मोजा. नव्या पॅडवर घासणारं मटेरियल साधारण १० मिमी असतं, गाडीप्रमाणे थोडं कमी-जास्त. ३ मिमी उरलं की बदलायचा. म्हणजे वापरायला सात मिळाले. दहा हजारांत दोन गेले, तर पॅड ३५ हजार जाणार, हिशेब सरळ आहे. दहा हजारांत सहा गेले तर नवीन पॅडची ऑर्डर देण्याआधी ते कुठे गेले ते शोधा. प्रत्येक सर्व्हिसला चारही चाकांची जाडी बिलावर लिहून मागा. मेस्त्रीला दोन मिनिटं लागतात.

घाट, पाऊस, खारं वारं. मग इकडे लवकर झिजणं साहजिकच नाही का?

थोडं लवकर, हो. पण घाट दोन्ही बाजूंना सारखाच असतो. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो, आतला आणि बाहेरचा. घाटाने झिजलेले पॅड डावे-उजवे, आतले-बाहेरचे असे जवळपास एकाच मापाने झिजतात. डाव्या चाकाचा आतला पॅड एक मिमी आणि बाहेरचा सहा मिमी असेल, तर त्याचा दोष घाटाला देऊ नका. घाटाला आतला-बाहेरचा कळत नाही.

खाऱ्या हवेचं मात्र खरं आहे, फक्त ती पॅड खात नाही. ती पॅड ज्या लोखंडी चौकटीत सरकतो त्या चौकटीला गंज चढवते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात समुद्रकाठच्या गावांत मीठ आणि उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ. ही धूळ कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिनांच्या रबरी बुटात शिरली की ग्रीसबरोबर तिची चक्क घासायची पेस्ट होते. साताऱ्या-सांगलीकडे मेस्त्रीने पिन न खोलता पॅड बदलले तर गाडी वर्षभर कशीबशी ओढते. हर्णै-मालवणात ती एक पावसाळासुद्धा काढत नाही. खारं वारं आहे म्हणून काम जास्त नीट करायचं असतं. आमच्यातले काही जण तेच कारण उलटं वापरतात.

जुने पॅड बघून काय कळतं?

जवळजवळ सगळं. म्हणून जुने पॅड गॅरेजात सोडून येऊ नका.

माझी पद्धत अशी: जमिनीवर पेपर पसरायचा आणि पुढचे चारही पॅड चाकात होते त्याच क्रमाने मांडायचे. डावा बाहेरचा, डावा आतला, उजवा आतला, उजवा बाहेरचा. मग मालकाला बोलवायचं. मागे देवगडच्या एका आंबेवाल्याची गाडी आली होती. तीन पॅड सहा-सात मिमीचे, आणि उजवा आतला इतका संपलेला की मागच्या लोखंडी पत्र्यावर डिस्कने चरे पाडले होते. पॅड टाकून पाच महिने. तो म्हणाला, "माका वाटला चारय संपले." चारही संपले नव्हते, एकच संपला होता, आणि त्या एकाने डिस्कही नेली.

नुसता आतला पॅड झिजला असेल तर बहुधा कॅलिपरच्या पिना जाम असतात, किंवा पॅड दाबणारा पिस्टन मागे सरकत नसतो. बाहेरचा जास्त झिजला तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत मोकळा होत नाही, म्हणजे पुन्हा पिनाच तपासा, नाहीतर तो पॅड चौकटीत अडकलाय. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झाला असेल तर दोनपैकी एक पिन सरकतेय आणि एक नाही. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या चाकाचे शाबूत असतील तर त्या बाजूचा रबरी होज पाइप किंवा पिस्टन बघायचा. आणि चारही चाकं सारखीच तापत असतील, सगळंच भराभर झिजत असेल, तर चाकांकडे वेळ घालवू नका. बिघाड वर आहे, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) किंवा पेडलपाशी. पेडलचा स्विच बदलताना तो जरा पुढे बसवला गेला, की पेडल पूर्ण वर येत नाही आणि गाडी कायम हलका ब्रेक दाबून चालते.

पॅडचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत झाला असेल, कडा फुटल्या असतील, डिस्कवर निळसर डाग असतील, तर तो पॅड तापून गेलाय. हा दोष मात्र चालवणाऱ्याचाही असू शकतो, ते पुढे लिहिलंय.

कामात नेमकं चुकतं कुठे?

आधी कॅलिपर कसा चालतो ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. बहुतेक लहान गाड्यांत पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. पॅड डिस्कला टेकला की कॅलिपरचं अख्खं धूड दोन पिनांवरून उलट दिशेला सरकतं आणि बाहेरचा पॅड आपल्याकडे ओढून घेतं. ब्रेक सोडला की पिस्टनभोवतीची रबरी सील, जी दाबाने किंचित पिळलेली असते, ती सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे आणते. मागे ओढायला वेगळी स्प्रिंग नसते. सगळी मोकळीक त्या केसभर जागेवर आणि दोन पिना सुरळीत सरकण्यावर अवलंबून.

आता वीस मिनिटांत पॅड बदलणारा काय करतो? खालचा एक बोल्ट काढतो, कॅलिपर वर उचलतो, पिस्टन दाबतो, नवे पॅड सरकवतो, बोल्ट मारतो. पिना बाहेर काढून बघितल्याच नाहीत. आत गंज आहे की सुकलेलं ग्रीस, कोणाला माहीत? जुन्या पातळ पॅडबरोबर कॅलिपर एका जागी राहून काम करत होता. नवे जाड पॅड टाकले की त्याला पिनांवर नव्या जागी सरकावं लागतं, आणि नेमकी तिथेच पिन गंजलेली असते. म्हणून पुष्कळांचा अनुभव असा की जुने पॅड होते तोवर गाडी बरी होती, नवे टाकल्यावर चाक तापायला लागलं.

दुसरी चूक पॅडच्या कानांची. पॅडला दोन्ही टोकांना कान असतात, ते चौकटीतल्या स्टीलच्या पातळ क्लिपांवर सरकतात. त्या क्लिपांच्या खाली गंजाचे पापुद्रे साठतात आणि क्लिप वर उचलली जाते, जागा अरुंद होते. नवा पॅड जात नाही. खरं काम असं की क्लिपा काढायच्या, खालचा गंज वायर ब्रशने, लागली तर कानसने साफ करायचा, नव्या क्लिपा टाकायच्या. पॅड बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. खोटं काम असं की हातोडी घ्यायची. ठोकून बसवलेला पॅड परत मागे येत नाही, डिस्कला चिकटूनच राहतो. कधी क्लिपाच काढून फेकून देतात, मग पॅड खडखडतो आणि वाकडा झिजतो. चाक खोलल्यावर पॅडच्या मागच्या पत्र्यावर हातोडीची खूण दिसली की मला पुढचं काही विचारावं लागत नाही.

तिसरी चूक ग्रीसची, आणि ही मी स्वतः केलेली आहे. गॅरेज टाकून दोन वर्षं झाली होती. एका शाळामास्तरांच्या गाडीचे पॅड बदलले, पिना काढल्या, साफ केल्या आणि हाताशी होतं ते बेअरिंगचं ग्रीस भरपूर लावून बसवल्या. काम चोख केलं या समाधानात होतो. चार महिन्यांनी मास्तर परत आले. उजवं चाक घुंईऽऽ करत होतं. खोललं तर एका पिनेच्या टोकाची रबरी बुशिंग फुगून पिनेच्या भोकात इतकी घट्ट बसली होती की पिन व्हाइसग्रिपने पिरगाळून काढावी लागली. डिस्कवर नख अडकेल अशी चरी. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिथे ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस लागतं, सिलिकोनचं किंवा कंपनीने सांगितलेलं, उष्णता सोसणारं, आणि तेही पातळ हाताने. डिस्क, पॅड, बुशिंग सगळं मी माझ्या खिशातून घातलं. मास्तर अजून येतात, आणि दर वेळी विचारतात, "ग्रीस कुठलं लावलंस?"

आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीला रबरी बुशिंग असते, एकीला नसते. अदलाबदल झाली तर दोन्ही भोकात जातात, पण सरकत नाहीत.

कॅलिपर काढून होज पाइपवर लोंबकळत ठेवणं ही सवय तर सगळीकडे. पाइपचं आतलं अस्तर त्या वजनाने फाटू शकतं. मग ब्रेक दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, सोडल्यावर मात्र मागे यायला वाट मिळत नाही, आणि चाक ब्रेक धरून ठेवतं. बाहेरून पाइप नवा कोरा दिसतो. याची परीक्षा सोपी आहे: चाक जाम असताना कॅलिपरचा एअर काढायचा निपल जरा ढिला करायचा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक सुटलं तर दाब आत अडकला होता, पाइप किंवा मास्टर सिलिंडर बघा. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर पिना नाहीतर पिस्टन.

पॅड बदलले तर डिस्कही बदलावी लागते का?

दर वेळी नाही. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजायची, त्याखाली गेली असेल तर बदलायची, नसेल तर राहू द्यायची. डोळ्यांनी बघून "चालंल" म्हणणारा आणि डोळ्यांनी बघून "गेली" म्हणणारा, दोघांवरही विश्वास ठेवू नका. कडेला उंच ओठ आला असेल तर नवा पॅड त्या ओठावर चढतो आणि पूर्ण टेकत नाही.

नवी डिस्क टाकूनही पेडल थरथरत असेल तर डिस्क "वाकली" असं म्हणायची पद्धत आहे. बहुतेकदा वाकलेली नसते. ती ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज कोणी खरवडलेला नसतो. डिस्कच्या मागे गंजाचा कण राहिला की ती कडेला किंचित डुलते. तिथे मोजमाप मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचं असतं. दर फेऱ्याला एकदा ती पॅडला चाटून जाते, ब्रेक न दाबताही. दोन-चार हजार किलोमीटरनंतर जाडी जागोजागी वेगळी होते आणि पाय थरथरतो. लेथवर फेसिंग करून आणलेली डिस्क पुन्हा त्याच गंजलेल्या हबवर बसवली तर सगळं मुसळ केरात.

चाकाचे नटही यात येतात. एअरगनने जीव खाऊन आवळलेले नट डिस्क ओढून धरतात. लहान गाड्यांना साधारण १०० न्यूटन मीटरच्या आसपास ताकद लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पंक्चरवाल्याकडून आलात की घरी पान्याने एकदा बघा: पाय देऊन उभं राहिल्यावरही नट सुटत नसेल तर त्याने फार आवळलेत.

मागच्या ड्रमचं काय? हँडब्रेक वर करून दिला की काम झालं ना?

नाही झालं. हँडब्रेक आठ-नऊ टिचक्या वर येतो अशी तक्रार असली की केबलचा नट आवळून देणं हा सोपा मार्ग. पण ड्रममधले शू (लायनर चिकटवलेले वाकडे पत्रे) झिजून लांब गेलेत आणि आतला आपोआप जुळणारा अॅडजस्टर गंजून बसलाय, म्हणून हँडब्रेक वर येतोय. केबल ओढल्याने शू कायम अर्धवट उघडलेले राहतात, ड्रम तापतो, लायनर जातात, मायलेजही पडतं. आधी ड्रम काढा, धूळ साफ करा, अॅडजस्टर मोकळा करा, शू जुळवा. केबल सर्वांत शेवटी.

साफ करताना हवेचा पाइप मारू नका. ती धूळ छातीत जाते, आणि जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसा.

मागेही डिस्क असलेल्या गाड्यांत काही पिस्टन नुसते दाबून आत जात नाहीत, फिरवत आत घालावे लागतात. सी-क्लॅम्पने जोर लावला की आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर स्कॅनर लावून सर्व्हिस मोड सुरू केल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका.

ब्रेक ऑइलचा झिजण्याशी काय संबंध?

थेट थोडा, आडून बराच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दुसरं काही नसतंच. ओलाव्याने पिस्टन आतून गंजतो, गंजलेला पिस्टन मागे येत नाही. शिवाय उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर तेच १४०. डॉट ४ चं २३० वरून १५५ वर येतं. फोंडा घाट उतरताना ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी बदला. गाडीच्या पुस्तकात कमी मुदत असेल तर ती पाळा.

वरच्या डबीची पातळी खाली गेली म्हणून पेट्रोल पंपावर टॉप-अप मारून घेऊ नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरतं, म्हणून पातळी उतरते. ती पातळी तुम्हाला पॅड संपत आल्याचं सांगत होती, तुम्ही तिचं तोंड बंद केलंत. मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की डबी उतू जाते आणि खालचा रंग निघतो. पॅड शाबूत असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, गाडी चालवू नका. आणि स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल चुकून या डबीत पडलं तर गाडी जागेवरून हलवू नका. सगळी रबरं फुगतात आणि खर्च डोळे पांढरे करतो.

डुप्लिकेट पॅड असतील तर?

असतात. पाकिटावरचं छपाईचं काम, पॅडच्या मागचा नंबर, बिल बघून घ्या. पण खराब पॅडसुद्धा चारही सारखेच खराब असतात. एकच झिजला तर पॅडला शिव्या देऊन उपयोग नाही.

घरच्या घरी काय तपासता येईल?

सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी मारा, शेवटी गाडी आपोआप हळू होऊ द्या. उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या. डिस्कला किंवा नटांना हात लावू नका, भाजतं. एका चाकाची धग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर ते चाक ब्रेक धरतंय. बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळालं तर उत्तम. पुढची दोन चाकं एकमेकांशी ताडा, मागची दोन एकमेकांशी.

अंगणात हलका उतार असेल तर गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडा, खाली उतरणीला कोणी नाही हे बघून. पूर्वी आपणहून सरकायची ती आता ढकलावी लागतेय का? एकाच चाकाच्या रिमवर काळी पूड जास्त साठतेय का? मायलेज का पडलं म्हणून लोक इंजेक्टर साफ करून घेतात आणि ब्रेक धरतोय हे कोणी बघतच नाही.

पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतो. तो दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, घाबरू नका.

गणपतीला निघायच्या आदल्या दिवशी मुंबईत पॅड बदलले तर चालेल ना?

दर वर्षी हा प्रश्न आणि दर वर्षी माझं उत्तर: आठवडाभर आधी बदला. दोन कारणं. नव्या पॅडला डिस्कवर बसायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलके, लांबलांबून ब्रेक मारायचे असतात. घरचे पाच जण, डिकीत मखर, वर कॅरियर आणि पहिलाच जोरदार ब्रेक परशुराम घाटाच्या उतारावर, म्हणजे कोरे पॅड भाजून काचेसारखे होणार. दुसरं कारण असं की घाईच्या दिवसांत गॅरेजवाला पिना खोलत नाही. मीही त्या आठवड्यात नवीन ब्रेकचं काम घेत नाही. निघण्याआधी शंभरेक किलोमीटर शहरात फिरली की चूक असेल तर ती घराजवळच कळते.

घाट उतरताना जळका वास आला तर?

चढताना ज्या गिअरमध्ये गाडी घेतली असती त्याच गिअरमध्ये उतरा. पेडलवर पाय ठेवून लोळत यायचं नाही, वेग वाढला की एकदा ठाम दाबायचा आणि सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलला टाकणारे अजून आहेत, आणि त्यांतले काही इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांनंतर पायाला मदत करणारा ब्रेकचा बूस्टर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

वास आलाच तर गिअर खाली घ्या, सुरक्षित रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गाडी निवू द्या. चाकाखाली दगडाची उटी लावा, हँडब्रेक तापलेल्या ब्रेकवर ओढून ठेवू नका. झऱ्याचं पाणी बाटलीत भरून डिस्कवर ओतणारे साखरप्याच्या वर मी पाहिलेत. तापलेली डिस्क पाण्याने तडकू शकते, तसलं काही करू नका. पेडल खालीच गेलं तर भराभर पंप करा, एकेक गिअर उतरवा, हँडब्रेक झटक्याने न ओढता थोडा थोडा वर घ्या. आणि एकाच चाकाचा वास असेल तर तुमच्या पायाची चूक नाही. खाली उतरल्यावर मेस्त्रीला नेमकं ते चाक दाखवा.

वाळूत गाडी नेली, फेरीवर नेली, पुराच्या पाण्यात बुडाली...

वाळूत नेऊ नका. फोटो दहा मिनिटांत होतो, मीठ आणि वाळू पिनांत महिनोन्महिने राहतात. नेलीच तर त्याच दिवशी चाकांच्या आतून गोड्या पाण्याने धुवा आणि धुतल्यावर चार-सहा ब्रेक मारून सुकवा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीवर एवढी चिंता नको. हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही टाका म्हणजे झालं.

पुराचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यानंतर पुढचे दोन महिने आम्ही चिखलाशिवाय काही पाहिलं नाही. लोकांनी इंजिन, सीट, वायरिंग केलं, आणि ब्रेक "लागतायत ना" म्हणून सोडून दिले. दिवाळीपर्यंत त्याच गाड्या परत आल्या. ड्रममध्ये वाळलेला गाळ, चुरमुऱ्यासारखा कुरकुरणारा, आणि लायनर एका बाजूने खाल्लेले. चाकाच्या वर पाणी आलेल्या गाडीचे चारही ब्रेक खोलून साफ करायचे, ऑइल पूर्ण बदलायचं, हँडब्रेकच्या केबली बघायच्या. यात कसर करू नका.

मेस्त्रीला काम देताना काय सांगू? वाईट वाटेल ना त्याला?

चांगल्याला वाटणार नाही. "पॅड टाका" असं सांगू नका, नाहीतर तो पॅडच टाकेल. म्हणा, "उजवं चाक तापतंय, पिना आणि पिस्टन बघा, जुने पॅड मला हवेत." पुढच्या दोन चाकांचं नीट काम दीड-दोन तासांचं असतं, तेवढी मजुरी द्यायची तयारी ठेवा. आम्हा मेस्त्रींची घाई बरेचदा गिऱ्हाइकाच्या घासाघिशीतून येते, हेही लिहिलंच पाहिजे. बिलावर पॅडचा ब्रँड, किलोमीटर आणि जाडी लिहून घ्या. जमलं तर तिथेच बसा. पिन बाहेर आली की नाही एवढं डोळ्यांनी बघितलंत तरी पुष्कळ.

काम वाईट झालं हे कळलं, आणि तो मानतच नाही. मग?

पहिल्यांदा त्याच गॅरेजात, भांडण न करता, जुने पॅड हातात घेऊन जा. लहान गावात बहुतेक वेळा तिथेच मिटतं. चाक खोलताना फोटो काढा, आणि दुसऱ्या मेस्त्रीकडून काय दिसलं ते लिहून घ्या. नुसतं तोंडी "त्याने बिघडवलं" याला किंमत नसते. पक्कं बिल असेल आणि नुकसान मोठं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल नसेल तर सगळंच अवघड होतं, म्हणून जीएसटीचे पैसे वाचवायला बिल टाळू नका.

गाडी गावच्या पडवीत चार-चार महिने उभी असते. हँडब्रेक लावून ठेवू का?

नको. पावसाळ्यात शू ड्रमला चिकटतात, आणि जोर करून गाडी काढली की लायनर पत्र्यापासून सुटून येतं. गिअरमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंनी चाकाला लाकडाची उटी लावा, आणि शेजारच्या कोणाला तरी दर पंधरा दिवसांनी दहा पावलं पुढे-मागे करायला सांगा. किल्ली कुठे ठेवलीय तेही सांगून जा. मागच्या वर्षी एकाच्या गाडीसाठी मी तीन वेळा गुहागरला गेलो आणि किल्ली ठाण्यात होती.